सातवा प्रश्न

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. श्यामलाआत्ती,

नमस्कार. साष्टांग घरी आल्यावर घालीन, तूर्त कागदावर एवढाच.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइल तू पिठाच्या डब्यावर ठेवून विसरतेस, म्हणून पत्र. काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.

तुमच्या बाजूच्या ओतकामाच्या भट्ट्यांमधून जळकी काळी वाळू रोज गाड्या भरभरून निघते. ती टाकायला एक कायमची जागा ठरवायची आहे. एक तळेवाडीचं गायरान, नाहीतर तुझ्या घरामागची भट्टीमाळची जुनी दगडखाण. या वेळी जागा ठरवणाऱ्या सरकारी समितीने एक बरी गोष्ट मान्य केली आहे. जागा ठरवायच्या आधी आरोग्य परिणाम मूल्यमापन करायचं. म्हणजे हा ढीग इथे आला तर माणसांच्या तब्येतीचं काय होईल ते आधी मोजायचं, आणि ज्यांच्या छातीवर आधीच जास्त ओझं आहे त्यांच्यावर आणखी टाकायचं नाही. आजवर असला कचरा गरिबाच्या दारात गेला, कारण गरिबाला कोणी विचारलंच नाही. यंदा विचारायचं काम माझ्याकडे आलंय.

तळेवाडीत शेती-दूधदुभत्याची घरं आहेत, तिथले फॉर्म शाळेतले गुरुप्रसाद सर भरतील. भट्टीमाळच्या एकशेचाळीस घरांचे तू भर. वस्तीतल्या बायका भट्टीत वाळू चाळतात, पुरुष लोखंड ओततात. तू तिथे एकतीस वर्षं नर्स होतीस. कोण कधीपासून खोकतं ते तुला तोंडपाठ आहे.

सगळा निकाल सातव्या प्रश्नावर आहे : 'घरात कोणाला तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा दम आहे का?' माणसाचं नाव नको, फक्त घराचा नंबर घाल. लोक तुझ्याशी खोटं बोलणार नाहीत. आकडे खरे आले की ती वाळू तुमच्या खाणीत येत नाही, एवढं मी आजच सांगते.

तुझी,
अवंतिका


भट्टीमाळ, ता. कागल, २९ जानेवारी २०२५

चि. अवंतिकास अनेक आशीर्वाद.

तुझं बाड पोचलं. एवढे कागद बघून पोस्टमन म्हणाला, "नर्सबाई, इलेक्शनला हुबं ऱ्हायलाय व्हय?" एकशेचाळीस घरं म्हणजे एकशेचाळीस कप चहा, हे तू तुझ्या मूल्यमापनात धरलं नाहीस. नको म्हटलं तर आमचा चहा चालत नाही काय, असं ऐकावं लागतं. माझ्या पित्ताचं मूल्यमापन कोण करणार ते कळव.

निम्मे फॉर्म झालेत. सातव्या प्रश्नाला फारसं काही निघत नाही.

आता आनंदाची गोष्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वस्तीतल्या बायकांनी मला बोलावलं. तुझे काका जाऊन बारा वर्षं झाली. विधवांच्या प्रथा बंद, असा ठराव आमच्या ग्रामपंचायतीनेही केलाय, पण ठराव फायलीत आणि आम्ही घरात. बायका जमल्या की मी आपली दार लोटून घ्यायची. यंदा शेजारची क्रांती स्वतः आली आणि हाताला धरून घेऊन गेली. हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली, वाणात स्टीलची वाटी दिली. घरी येऊन मी किती तरी वेळ आरशासमोर बसले होते. तुला हसू येईल, पण मी त्या रात्री तोंड न धुता झोपले.

क्रांतीच्या मोनाला गडहिंग्लजकडचं स्थळ आलंय. मुलगा यशराज, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पर्मनंट आहे. जमलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं. मागच्या वर्षी पिराजीच्या निशिगंधाचं सुपारी फुटून मोडलं, ते तुला माहीत आहे का? बाप खोकतो, घराला क्षय आहे, असं कोणी तरी पाहुण्यांच्या कानात घातलं. क्षय नव्हता, भट्टीतली वाळू होती छातीत. पण पाहुणे काय तपासणीचे कागद बघून सोयरीक करतात? पोरगी अजून घरात आहे.

बाकी तुझ्या लग्नाबद्दल मी काही विचारत नाही. विचारलं नाही असं तुझ्या बापाला सांग.

तुझी,
आत्ती


पुणे, १२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्ती,

फॉर्म मिळाले. हळदीकुंकवाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. वस्ती बदलते आहे, याचा मला खरंच आनंद झाला.

पण मी गोंधळले आहे. तुझ्या एकशेचाळीस घरांत सातव्या प्रश्नाला 'हो' फक्त नऊ. तळेवाडीच्या एकशेसाठ घरांत त्रेसष्ट. तळेवाडीत मोकळी हवा, वाळू चाळणारी एक बाई नाही. तुझ्याकडे घरटी एक माणूस भट्टीत जातो. हे असं कसं?

कोणी लपवतंय का? एकदा पुन्हा फिरून येशील? सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायला मला ना परवानगी आहे ना वेळ, अहवाल महिनाअखेर द्यायचा आहे. हातात फक्त हे फॉर्म आहेत. तू म्हणशील ते मी धरून चालेन.

अवंतिका


भट्टीमाळ, २० फेब्रुवारी २०२५

चि. अवंतिकास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला, खरं सांगते. एकतीस वर्षं सुया टोचल्या मी या वस्तीला. मला खोकला ओळखता येत नाही असं तुला म्हणायचं आहे का? इथली माणसं काटक आहेत. तळेवाडीवाले दुधावरची साय खाऊन नाजूक झालेत, त्याला मी काय करू? लिहिलंय ते बरोबर आहे. पुन्हा फिरायची गरज नाही.

आता चांगलं ऐक. मोनाचं जमलं. पाहुणे रविवारी बघायला आले. क्रांतीला जरा थंडी झाली होती, म्हणून ती आत चुलीपाशी बसली आणि मी तिच्याजवळ मिक्सर घेऊन बसले. तिला ठसका आला की मी शेंगदाण्याचं कूट वाटायची. तासाभरात दोन किलो कूट झालं बघ. शेवटी मुलाच्या बापाने बाहेरून विचारलं, "पावणं, चटणी समद्या गावाची करताय काय?" सगळे हसले. मोना पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती, तीही हसली. तिथल्या तिथे सुपारी फुटली.

लग्न २० एप्रिलला आहे. तुला यायचंच आहे. क्रांती म्हणते, पुण्याच्या ताईंना बोलवा, त्यांच्यामुळे आमच्या वस्तीचं भलं होणार आहे.

आत्ती


पुणे, १२ मार्च २०२५

ती. आत्ती,

निकाल लागला. वाळू भट्टीमाळच्या खाणीत जाणार.

कसं लिहू कळत नाही. मी स्वतः अहवालात लिहिलं की छातीच्या आजारांचा आधीचा भार तळेवाडीत जास्त आहे, म्हणून तिथे ढीग नको. आकडे तसेच होते. बैठकीत एक अधिकारी म्हणाले, आमचा तर अंदाज उलटा होता, बरं झालं मोजलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. घरी येऊन जेवण गेलं नाही. मग मनाला समजावलं, की नियम माझाच आहे : जो जास्त आजारी त्याला आधी वाचवायचं. तू सांगितलंस वस्ती काटक आहे, मी त्यावर विश्वास ठेवला.

अटी घालून घेतल्यात. वाळूवर पाणी मारायचं, खाणीला उंच कुंपण घालायचं, गाड्या झाकून न्यायच्या. पाळल्या जातात का बघ आणि कळव. लग्नाला येणं जमणार नाही. मोनासाठी साडी पाठवते आहे.

अवंतिका


भट्टीमाळ, ३० एप्रिल २०२५

चि. अवंतिका,

लग्न झालं. साडी मोनाने वरातीला नेसली. मुलगा चांगला आहे.

लग्नाच्या तीन दिवस आधी गाड्या सुरू झाल्या. कुंपण नाही, पाणी एकदा मारलं ते उद्घाटनाच्या फोटोपुरतं. मांडवाचं पांढरं कापड दुसऱ्या दिवशी सकाळी काळपट झालं होतं. आचारी भातावर परात झाकून उभा होता. वऱ्हाडी विचारत होते, इथे रोज असंच असतं काय? मी सांगितलं, आजच वारं सुटलंय. तेव्हाच ठरवलं, की आता तुला सगळं लिहायचं.

हळदीकुंकवाचं मी तुला अर्धंच सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन निघाले आणि पहिल्याच दिवशी चौदा घरं केली. त्यातल्या नऊ घरांनी 'हो' सांगितलं. तुझे नऊ ते हेच. संध्याकाळपर्यंत वस्तीत बोभाटा झाला, की नर्सबाई खोकल्याची यादी करते आणि घराचे नंबर टाकते. या उन्हाळ्यात वस्तीत अकरा मुलींची लग्नं ठरायची होती. निशिगंधाचं मोडलेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

चार दिवसांनी हळदीकुंकू झालं. सगळ्या बायका क्रांतीच्या घरात होत्या. माझी ओटी भरून झाली तेव्हा वयाने थोरली बायडाबाई हिने माझे दोन्ही हात ओटीवर दाबून धरले. म्हणाली, "नर्सबाई, आजपासनं तुमी आमच्यातल्या. वटीची आण हाय तुमास्नी. खोकला आमचा हाय, पर भोग पोरींच्या वाट्याला नगं. सातव्या सवालाला ऱ्हायलेल्या समद्या घरांचं न्हाय लिवा."

मला नाही म्हणता आलं असतं. मी नर्स होते, वाळू छातीत काय करते ते मला ठाऊक होतं. पण कपाळावरचं कुंकू ओलं होतं, अवंतिका. बारा वर्षांनी कोणी मला ओळीत बसवलं होतं आणि मला परत बाजूला बसायचं नव्हतं. मी हो म्हटलं.

खरा आकडा माझ्याकडे आहे. तोंडाने 'नाही' सांगायच्या, पण समोर खोकायच्याच की. जुन्या लसीकरणाच्या वहीत मागच्या पानांवर घरवार लिहून ठेवलंय. एकशेचाळीसपैकी ब्याऐंशी घरं. क्रांती, घर नंबर बेचाळीस, तीन वर्षांपासून. आता तिला उंबऱ्यापासून नळापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं.

तुला काय बोलायचं ते बोल.

आत्ती


पुणे, ९ मे २०२५

आत्ती,

चार दिवस पत्र लिहिलं आणि फाडलं. मी तुझ्यावर खूप चिडले आहे, हे आधी लिहून टाकते.

मी तुला पाठवलं, कारण लोक तुझ्याशी खोटं बोलणार नाहीत. तू लोकांसाठी माझ्याशी खोटं बोलशील, हे मला सुचलं नाही. आणि सुचायला हवं होतं. मिक्सरचं तू लिहिलं होतंस, निशिगंधाचं लिहिलं होतंस. मी ती पत्रं काल परत वाचली. सगळं त्यात होतं आणि मी गंमत म्हणून वाचलं. मी कोल्हापूरची मुलगी, लग्नसराईच्या तोंडावर घराचा नंबर घालून खोकला विचारायला तुला पाठवलं. हे पुण्याच्या खुर्चीत बसून केलेलं काम आहे.

तळेवाडीचं आता कळलं. गुरुप्रसाद सरांनी ग्रामसभा घेऊन सांगितलं होतं, साधी शिंक आली तरी लिहा, नाहीतर ढीग आपल्या गायरानात येईल. त्यांना फॉर्म कशाला असतो ते माहीत होतं. तुमच्या बायकांना फॉर्म म्हणजे बदनामी एवढंच माहीत होतं. दुबळ्याला वाचवायला काढलेल्या कागदाने दुबळ्याचाच घात केला आणि खाली सही माझी आहे.

समितीकडे गेले होते. ते म्हणाले, एकदा 'नाही' लिहून देणाऱ्यांचं दुसऱ्यांदा 'हो' कसं मानायचं? तुझी वही चालणार नाही. छातीचे फोटो हवेत, आणि फॉर्मवर नाव आणि सही हवी. मी २५ मेला शिबिर लावलं आहे, फोटो काढायची गाडी वस्तीत येईल. बायकांना बाहेर काढ. क्रांतीला सगळ्यात आधी.

अवंतिका


भट्टीमाळ, १ जून २०२५

चि. अवंतिका,

शिबिराची गाडी शाळेसमोर दिवसभर उभी होती. तिघं आले. एक पिराजी, दोन म्हाताऱ्या. बाकीच्या बायका दारात बसून गाडीकडे बघत होत्या. गाडीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'छाती तपासणी' लिहिलं होतं, तिच्यापुढे रांगेत कोण उभं राहणार? मी बायडाबाईशी भांडले. ती म्हणाली, "आण तुमी घेतलीया नर्सबाई, आमी न्हाय सोडवली." त्या दिवसापासून माझ्याशी कोणी बोलत नाही. मी परत बाजूला बसते.

क्रांतीच्या घरी तीनदा गेले. तिला दोन उशा लावून बसवलेलं असतं, आडवं झालं की जीव घाबरतो. तिचा नवरा कृष्णात दवाखान्यात न्यायला तयार आहे. ती ऐकत नाही. म्हणते, दहा तारखेला मोनाची पहिली वटपौर्णिमा आहे, सासरचे तिला घेऊन येणार आहेत. तेवढा सण होऊ दे, मग फोटो काढते, तुम्ही म्हणाल तिथे सही करते.

मला म्हणाली, "आत्ता दवाखान्यात पडलो तर पोरीला सासरात तोंड वर करून जेवता याचं न्हाय."

आता तू सांग, मी काय करू.

आत्ती


पुणे, ५ जून २०२५

आत्ती,

सणाची वाट बघू नकोस. गाडी करून क्रांतीला कोल्हापूरला ने, रडली-ओरडली तरी ने. सासरच्यांना काय सांगायचं ते नंतर बघू. तिला ऑक्सिजनची गरज आहे, हे तुलाही कळतंय.

सोबत नवे एकशेचाळीस फॉर्म आहेत. यात नाव आणि सही घ्यायची आहे. जेवढे मिळतील तेवढे आण. मी बैठक मागून घेतली आहे.

अवंतिका


भट्टीमाळ, २५ जून २०२५

चि. अवंतिका,

तुझं पत्र नऊ तारखेला आलं. क्रांती आठला सकाळी गेली. नळाला पाणी आलं म्हणून उठली आणि हंड्याजवळ बसली ती बसलीच. त्रेचाळीस वर्षांची होती.

मोनाची पहिली वटपौर्णिमा सुतकात गेली. वडाला गुंडाळायला आणलेलं सूत फडताळात तसंच आहे.

तिसऱ्या दिवशी मोनाच्या सासूने मला बाजूला घेतलं. तुम्ही नर्स आहात म्हणून विचारते, म्हणाली, विहीणबाईंना आधीपासून काही होतं का? मोना चार हातांवर उभी होती. मी सांगितलं, "काय नव्हतं. हार्टॲटॅकनं गेली, धडधाकट हुती." सासूने सुस्कारा सोडला आणि मोनाच्या पाठीवरून हात फिरवला. मोना माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं ठाऊक आहे, अवंतिका. तीही त्या दिवशी पोह्यांचा ट्रे घेऊन मिक्सर ऐकत होती. या वेळी मला कोणी आण घातली नव्हती, तरी खोटं बोलले. तू चिडशील, चीड. मला दुसरं काही सुचलं नाही.

बारावं-तेरावं झाल्यावर तुझे फॉर्म घेऊन निघाले. या वेळी चहा कोणी विचारला नाही. सर्वांत आधी पिराजीने सही केली. म्हणाला, "आमचं आता काय मोडायचं ऱ्हायलंय?" त्याच्या खाली निशिगंधाने केली, तीही आता भट्टीत चाळणीवर जाते आणि तिलाही खोकला लागलाय. एकंदर सव्वीस घरांच्या सह्या झाल्या. ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी नाही, किंवा आहे तिचं व्हायची आशा सुटली, तेवढ्यांच्याच. बायडाबाईने दार उघडलं नाही. तिच्या नातीचं दिवाळीनंतर करायचं आहे. ब्याऐंशींतले सव्वीस पुरतात का ते समितीला विचार. खाण इकडे निम्मी भरत आली.

शेवटी बेचाळीस नंबरला गेले. कृष्णात एकटाच उंबऱ्यावर बसला होता. मी म्हटलं, तू सही नाही दिलीस तरी चालेल, मोनाचा संसार आहे. तो म्हणाला, न्हाय नर्सबाई, तुमी इचारा, समद्यांना इचारता तसं इचारा. मग मी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचत गेले. घरात माणसं किती, तर एक. पाणी कुठलं, तर नळाचं. सातवा प्रश्न मी वाचला, घरात कोणाला तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा दम आहे का. त्याने मागे वळून आत बघितलं. दोन उशा अजून भिंतीला तशाच टेकून होत्या.

"न्हाय," तो म्हणाला. "आता कुणाला न्हाय."

मी 'नाही' लिहिलं आणि त्याची सही घेतली. फॉर्म सोबत जोडला आहे. जानेवारीत याच घराचं मी हेच उत्तर लिहिलं होतं. तेव्हा ते खोटं होतं.

आत्ती